पंढरपूर 108 दिव्यदेशांत का नाही?

कारण ही यादी देवाच्या मोठेपणावरून ठरलेली नाही. तमिळ वैष्णव संतकवींनी, म्हणजे आळवारांनी, आपल्या पदांत ज्या विष्णुस्थानांचा गौरव केला, तेवढीच दिव्यदेश. त्यांत विठ्ठल नाही; महाराष्ट्रातलं एकही स्थान नाही. द्वारका, अयोध्या, बद्रीनाथ, नेपाळातलं मुक्तिनाथ मात्र आहे. शेवटची दोन, क्षीरसागर आणि वैकुंठ, तर पृथ्वीवरच नाहीत, त्यामुळे यात्रा 106 वरच थांबते!

सर्वांत मानाचं तमिळनाडूतलं श्रीरंगम. बारांपैकी अकरा आळवारांनी ते गायलं; उरलेल्या मधुरकवींनी फक्त आपल्या गुरूंवर, नम्माळवारांवर, रचना केली. तिरुपतीला धनुर्मासात पहाटे जाणार असाल तर नेहमीच्या सुप्रभातमऐवजी आंडाळची ‘तिरुप्पावै’ ऐकू येईल. बारांतली ही एकटीच स्त्री.