बाबाचं ऑपरेशन झालं, आता किती वर्ष धरून चालायचं?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, आम्ही दारव्हा तालुक्यातले, पाच एकर कोरडवाहू वावर. बाबाचं वय ५८. डोळे पिवळे झाले तर कावीळ म्हणून दीड महिना झाडपाल्याचं औषध दिलं, मग अंगाला खाज सुटली तेव्हा नागपूरले नेलं. पित्तनळीच्या खालच्या टोकाला कॅन्सर निघाला. व्हिपल ऑपरेशनला (पित्तनळीचं खालचं टोक, स्वादुपिंडाचं डोकं आणि आतड्याचा तुकडा काढतात ते) आता दोन महिने होतात. रिपोर्टमध्ये मार्जिन क्लिअर, १४ लिम्फ नोडपैकी (बाजूच्या बारीक ग्रंथी) १ मध्ये कॅन्सर असं आहे. तिथले डॉक्टर म्हणाले पाच वर्षांचा चान्स पस्तीस टक्के, मोबाइलवर दहाच दिसतात. नातेवाईक म्हणतात बहिणीचं लग्न याच उन्हाळ्यात उरकून टाका. बाबाजवळ किती वर्ष आहेत, सरळ सांगा.

उत्तर : भाऊ, मोबाइलवरचे दहा टक्के आधी सोडून द्या. त्यात लिव्हरच्या आतला, लिव्हरच्या तोंडाशी असलेला आणि खालच्या टोकाचा असे तिन्ही कॅन्सर एकत्र धरलेले असतात, आणि ज्यांचं ऑपरेशनच होऊ शकलं नाही असे पेशंटही असतात, तेच जास्त. तुमच्या बाबाची गाठ निघाली, म्हणजे ते त्या गर्दीतले नाहीत. झाडपाल्यात गेलेल्या दीड महिन्याचं मनाला लावून घेऊ नका, तरीही गाठ काढता आली ना.

पस्तीस टक्के हा अंदाज, पण तो बाबासारख्या शंभर लोकांचा आहे, एकट्या बाबाचा नाही. तुमच्या रिपोर्टमधल्या दोन ओळी सगळ्यात महत्त्वाच्या. मार्जिन क्लिअर म्हणजे कापलेल्या कडेला कॅन्सर दिसला नाही, ही मोठी चांगली गोष्ट. नोडमध्ये सापडला ही वाईट, पण एक ते तीन नोडवाल्यांचा गट वेगळा आणि चार किंवा जास्तवाल्यांचा वेगळा, तुम्ही पहिल्यात आहात, आणि १४ नोड तपासलेत म्हणजे मोजणीवर भरवसा ठेवता येतो.

आता हे नीट वाचा, कारण हे सहसा कोणी समजावून सांगत नाही. हा कॅन्सर परत येतो तो बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांत. समजा शंभरातले पस्तीस पाच वर्ष पार करतात आणि चाळीस पहिल्या दोन वर्षांतच जातात. मग दोन वर्ष काढलेले उरले साठ, त्यातले पस्तीस पुढे जाणार, म्हणजे चान्स झाला अठ्ठावन्न टक्के. माणूस तोच, आकडा बदलला. म्हणून आज सांगितलेले पस्तीस दगडावरची रेघ समजू नका, दरवर्षी नव्याने विचारा.

किमोबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, त्याचीच मला काळजी वाटते. इंग्लंडमध्ये ४४७ पेशंटवर बिलकॅप नावाची ट्रायल, म्हणजे औषधाची चाचणी, झाली, २०१९ मध्ये छापून आली. ऑपरेशननंतर सहा महिने कॅपेसिटाबिन नावाच्या किमोच्या गोळ्या घेतलेल्यांचं मिडियन आयुष्य ५१ महिने, न घेतलेल्यांचं ३६. मिडियन म्हणजे आयुष्याप्रमाणे सगळ्यांना ओळीत उभं केलं तर मधला माणूस, अर्धे त्याच्याहून जास्त जगले. सगळे पेशंट धरले तर हा फरक गणिताच्या कसोटीला थोडक्यासाठी उतरला नाही, म्हणजे तो योगायोग नाहीच असं ठाम सांगता येत नाही, तरी या गोळ्या आता सगळीकडे देतात. त्या लवकर सुरू करायच्या असतात, दोन महिने झालेत, तेव्हा याच आठवड्यात जाऊन विचारा. गोळ्यांनी तळहात लाल होतात, सोलतात, म्हणून त्या काळात बाबाला कापूस वेचायला लावू नका.

जेवल्यावर संडास तेलकट होऊन पाण्यावर तरंगत असेल, वजन उतरत असेल तर तेही सांगा, जेवणासोबत घ्यायच्या एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात. मी असे पेशंट पाहिलेत जे कॅन्सर परत आला म्हणून घाबरून बसले आणि खरं तर नुसतं अन्न पचत नव्हतं.

लग्नाचं बहिणीला विचारा. तिची तयारी असेल तर उन्हाळ्यात करा, पण बाबा जाणार म्हणून घाईघाईत उरकू नका, त्यांच्या कानावर ते पडतं.

आणि थंडी वाजून ताप आला किंवा लघवी परत हळदीसारखी झाली तर गावात सलाइन लावत बसू नका. त्याच रात्री गाडी करा आणि ऑपरेशन झालं त्या दवाखान्यात न्या, फाइल सोबत घ्या.