बोगदा खोल खाली, तडे मात्र वरच्या घरांना?

प्रश्न : नमस्कार सर, आईबाबांना घेऊन बद्रीनाथला गेलो होतो, वाटेत जोशीमठला मुक्काम केला. काही घरांवर लाल फुल्या मारलेल्या दिसल्या, भिंतींना हात जाईल एवढे तडे. तिथल्या जलविद्युत प्रकल्पाचा बोगदा इतका खोल असताना वरचा डोंगर हलतो कसा आणि तो सरकतोय हे आधी कळतं का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : जोशीमठ अखंड खडकावर नाही, जुन्या दरडीच्या दगडमातीवर वसलंय, हे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने 1976 मध्येच सांगितलं होतं. अशा उतारात जुनी घसरण झालेला थर आत तसाच असतो, चिकणमातीचा, घासून गुळगुळीत झालेला, त्यामुळे तो पुन्हा हलायला फार काही लागत नाही. बोगदा खणला की आजूबाजूचा खडक पोकळीकडे सैल होतो आणि पाण्याच्या वाटा बदलतात. डिसेंबर 2009 मध्ये याच बोगद्यात खोदाईच्या मशीनने पाण्याचा साठा फोडला, दिवसाला 6-7 कोटी लिटर पाणी बाहेर येत होतं! तरी 2023 च्या सुरुवातीला तिथली जमीन खचून घरांना तडे गेले, त्याचं खापर एकट्या बोगद्यावर फोडता येत नाही, सांडपाणी, उतारावरची बांधकामं, पायथ्याशी अलकनंदेची धूप हे सगळंच त्यात आहे.

आता मोजणीचं. इस्रोच्या उपग्रह चित्रांत एप्रिल ते नोव्हेंबर 2022 मध्ये सुमारे 9 सेंमी खचलेलं दिसलं, आणि मग 27 डिसेंबर ते 8 जानेवारी या 12 दिवसांत 5.4 सेंमी. मला विचाराल तर एकूण किती सरकलं यापेक्षा वेग वाढतोय का हेच बघायचं असतं, ज्या उताराचा वेग दर आठवड्याला वाढत चाललाय तिथली माणसं आधी हलवायची.

पण उपग्रहाला फक्त वरचं दिसतं, घसरण किती खोलीवर होतेय ते कळायला इनक्लिनोमीटर लागतो. बोअर मारून त्यात खाचा असलेला पाइप बसवतात, खाचांतून छोट्या चाकांचा प्रोब तळापर्यंत सोडतात, तापमान स्थिर व्हायला थोडा वेळ थांबतात आणि वर ओढताना दर अर्ध्या मीटरला पाइप किती कललाय ते नोंदवतात. मग प्रोब अर्धा वळसा फिरवून पुन्हा तेच सगळं. काही दिवसांनी पुन्हा मोजून पहिल्या नोंदींशी फरकाचा आलेख काढायचा, तो इतका वेळ सरळ आणि एका खोलीवर अचानक वाकडा, की घसरणीचा थर तिथेच. फक्त पाइपचा तळ पक्क्या खडकात हवा, नाहीतर तळच दरडीबरोबर सरकतो आणि रीडिंग छान सरळ येतं! शेजारी पाण्याचा दाब मोजायला पायझोमीटर, पावसाची रोजची नोंद, आणि हे सगळं खोदाई सुरू व्हायच्या निदान एक पावसाळा आधीपासून हवं, कारण जुनी दरड पावसाळ्यात तशीही थोडी हलते, ते हलणं माहीत नसेल तर बोगद्यामुळे किती हललं हे कशाच्या आधारावर सांगणार?

कुणाच्या घराला तडा असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकून मधलं अंतर दर रविवारी तारखेसकट लिहून ठेवायला सांगा, इंजिनिअर आला की पहिली तीच वही मागेल.