गोड खाऊन साखर उतरते तेव्हा

परळ, मुंबई

अनेक आशीर्वाद.

ग्लायकोलिसिसच्या, म्हणजे पेशीत ग्लुकोज फोडण्याच्या, दहाही पायऱ्या पाठ झाल्याचं तू कळवलंस. आता चौथीवर जरा थांब. तिथे अल्डोलेज हे विकर फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेटचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे करतं. परीक्षेत एवढ्यावर मार्क मिळतात. वॉर्डात उपयोगी पडतं ते याच्या पुढचं.

यकृतातल्या अल्डोलेज बी कडे आणखी एक काम असतं. फळं, मध, साखर यांतून आलेल्या फ्रुक्टोजला यकृत लगेच फॉस्फेट जोडतं आणि ते फ्रुक्टोज-१-फॉस्फेट तोडायला हेच अल्डोलेज बी लागतं. जन्मतःच ते निकामी असेल (या आजाराला आनुवंशिक फ्रुक्टोज असहिष्णुता म्हणतात) तर फॉस्फेट तिथेच अडकून पडतं, पेशीला ऊर्जा पुरवणारं एटीपी घटतं, ग्लायकोजेन म्हणजे साठवलेलं ग्लुकोज फोडणारं फॉस्फोरिलेजही थंडावतं. म्हणून गोड खाऊनही रक्तातलं ग्लुकोज उतरतं! हे पाठ करू नकोस, कागदावर बाण काढत स्वतः मांडून बघ.

अशी बाळं अंगावरच्या दुधावर छान वाढतात, कारण त्यात फ्रुक्टोज नसतं. उष्टावणाची खीर, बोटभर मध, केळं सुरू झालं की उलट्या, घाम, सुस्ती, पुढे कावीळ. तेव्हा ओपीडीची रांग जिन्यापर्यंत गेलेली असली तरी विचार, दुधाव्यतिरिक्त पहिलं काय दिलंत, कधी दिलंत? आजी सोबत असेल तर तिलाही विचार. गोड औषधांबद्दलही विचार. त्यांतल्या सॉर्बिटॉलचं शरीरात फ्रुक्टोजच होतं. थोडं मोठं मूल पेढा पुढे केला की तोंड फिरवतं आणि त्याचा एकही दात किडलेला नसतो, एवढ्यावरूनही मला शंका येते.

अशा बाळाला साखरपाणी पाजायचं नाही. साखरेत अर्धं फ्रुक्टोजच. शिरेतून डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजच, द्यायचं. लघवीची बेनेडिक्ट चाचणी (ती ग्लुकोजखेरीज इतर काही साखराही दाखवते) पॉझिटिव्ह आणि ग्लुकोजची पट्टी निगेटिव्ह आली तर ‘ग्लुकोज नाही’ एवढं लिहून मोकळं होऊ नकोस. ते फ्रुक्टोज असेल, गॅलॅक्टोजही असेल. खात्रीसाठी जनुकचाचणी आहे. फ्रुक्टोज देऊन बघण्याचा धोका पत्करू नये.

हा आजार १९५६ साली पहिल्यांदा नोंदला गेला. तो विरळा आहे, पण वेळीच ओळखला तर मूल सहसा नीट वाढतं. निदान झालं की आईवडिलांजवळ निवांत बस. मोदक, पुरणपोळी, आमरस, उसाचा रस, सगळं नाव घेऊन सांग. बालवाडीच्या बाईंना आणि चाळीत प्रसाद वाटणाऱ्यांनाही कळवायला सांग.

कळावे.