एकाच काट्याचे पितळी घड्याळ

प्रश्न : आजोबांनी बेळगावच्या कॅम्प भागातील एका लिलावातून आणलेले पितळी घड्याळ आमच्या घरी आहे. चार कोपऱ्यांत चार खांब, डोक्यावर घंटा, खाली दोरी आणि काटा मात्र एकच. मिनिटकाटा हरवला आहे, तो बसवून आत बॅटरीचे यंत्र घालू आणि पितळ चकचकीत करून देऊ, असे घड्याळजी म्हणतात. तसे करावे का? किंमत ठरविण्यासाठी ते लंडनला पाठविता येईल का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : कृपया यांपैकी काहीही करू नका. मिनिटकाटा हरवलेला नाही. इंग्लंडमध्ये १७ व्या शतकात घडविल्या जाणाऱ्या ‘लँटर्न क्लॉक’ या प्रकारात तो मुळातच नसे. तबकडीवरील कड्याची आतली कड नीट पाहा. दोन रोमन आकड्यांच्या मध्ये चार घरे आखलेली दिसतील आणि त्यांतील प्रत्येक घर पाव तासाचे आहे. सव्वा, साडे, पावणे अशी वेळ सांगणाऱ्या आपल्या माणसांना हे घड्याळ वाचणे मुळीच जड जाऊ नये. आरंभीच्या घड्याळांची चाल आडव्या डोलणाऱ्या चक्रावर अवलंबून असे आणि ती रोज इतकी मागेपुढे होई की मिनिटे दाखविण्यात अर्थच नव्हता. १६५८ मध्ये लंडनच्या अहाश्वेरस फ्रोमान्टील यांनी लंबकाची घड्याळे विक्रीस आणली आणि त्यानंतर कित्येक जुन्या घड्याळांनाही लंबक बसविले गेले.

तबकडीवर चावीची भोके नसतील, तर ती चांगली खूण आहे. कारण १९ व्या शतकात अनेक जुन्या सांगाड्यांतील मूळ यंत्र काढून चावीचे, स्प्रिंगवर चालणारे यंत्र घातले गेले आणि नव्या प्रतिकृतीही पुष्कळ निघाल्या. बाजूचे दार उघडून आत विजेरीचा प्रकाश टाका. चालीची चक्रे पुढे आणि टोलाची त्यांच्या मागे, अशी मूळ मांडणी असते. वरच्या किंवा खालच्या पितळी पाटीवर विनाकारण पडलेली किंवा बुजविलेली भोके दिसली, तर आतले काहीतरी बदलले आहे असे समजावे. तबकडीच्या मागे कानशीचे ओरखडे आणि कमीजास्त जाडी आढळली, तर मला आनंद होईल. सर्वत्र सारखा गुळगुळीत पत्रा असेल, तर शंका घ्यावी. कोरलेल्या नावावर मात्र विसंबू नका, कारण नाव मागाहूनही कोरता येते.

चिंच किंवा घासण्याची पावडर पितळाला लावू नका. नक्षीची धार झिजते आणि सांध्यांत राहिलेला आंबटपणा आपल्याकडच्या पावसाळ्यात हिरवा होऊन बाहेर पडतो. कोरड्या मऊ फडक्याने धूळ टिपणे पुरेसे आहे.

घड्याळ परदेशी पाठविण्याचा विचार सोडा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठविता येत नाही. तबकडी, दोन्ही बाजू, मागची कडी आणि आतील चक्रे यांची स्पष्ट छायाचित्रे जाणकाराकडे पाठवावीत.