वाचकांचे प्रश्न : जुने गेम, नवे विंडोज

या महिन्यात सांगली आणि सातारा जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांमध्ये जुन्या संगणकीय खेळांविषयीची पत्रे बरीच आहेत, आणि 'कंपॅटिबिलिटी मोड लावून पाहिला, उपयोग झाला नाही' हे वाक्य त्यांतील बहुतेक पत्रांत आढळले. या मोडचे काम मर्यादित आहे. तो प्रोग्रॅमला आपण जुन्याच विंडोजवर चालत आहोत असे भासवतो आणि त्याच्या काही जुन्या सवयी सांभाळून घेतो. खेळ कशामुळे अडला आहे हे न पाहता तो मोड लावणे म्हणजे नाडी न बघता गोळी देण्यासारखे आहे. म्हणून खालील उत्तरांत उपायाआधी कारण सांगितले आहे.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या संगणकातील 'प्रिन्स ऑफ पर्शिया' आणि 'डेंजरस डेव्ह' हे गेम मी पेनड्राइव्हवरून विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपवर घेतले. क्लिक केल्यावर 'हे ॲप या संगणकावर चालू शकत नाही' एवढाच संदेश येतो. फायली खराब झाल्या असतील का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : फायली बहुधा शाबूत आहेत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ मध्ये ॲपल २ या संगणकासाठी प्रसिद्ध झाला आणि १९९० मध्ये त्याची डॉस या विंडोजच्या आधीच्या संगणकप्रणालीवरील आवृत्ती आली. आपल्याकडे घराघरांत आणि संगणक वर्गांत पोहोचली ती हीच आवृत्ती. डॉसचे असे प्रोग्रॅम १६-बिट पद्धतीचे असतात (बिटचा आकडा म्हणजे प्रोसेसर एका वेळी किती माहिती हाताळतो त्याचे माप). ३२-बिट विंडोजमध्ये ते चालवण्यासाठी एनटीव्हीडीएम नावाचा एक घटक होता व तो प्रोसेसरमधील 'व्हर्च्युअल ८०८६' या सोयीवर अवलंबून होता. परंतु प्रोसेसर ६४-बिट पद्धतीने काम करू लागला की ती सोय उपलब्धच राहत नाही, त्यामुळे ६४-बिट विंडोजमध्ये हा घटक दिलेला नाही. विंडोज १० पर्यंत ३२-बिट आवृत्ती मिळत असे. विंडोज ११ केवळ ६४-बिट आहे. थोडक्यात, आपला गेम सुरूच होत नाही, आणि जो प्रोग्रॅम सुरूच होत नाही त्याला कंपॅटिबिलिटी मोड कसलीही मदत करू शकत नाही.

यावर डॉसबॉक्स हा चांगला आणि विनामूल्य उपाय आहे. २००२ पासून उपलब्ध असलेला हा प्रोग्रॅम जुना प्रोसेसर, जुने ग्राफिक्स कार्ड आणि आवाजाचे साउंड ब्लास्टर कार्ड यांची सॉफ्टवेअरमध्ये नक्कल करतो व त्या नकली यंत्रावर गेम चालवतो. डॉसच्या आज्ञा आठवत नसल्या तरी अडत नाही : गेमच्या फोल्डरमधील मुख्य ईएक्सई फाइल (जिच्यामुळे गेम सुरू होतो ती) माउसने उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर सोडावी, म्हणजे ते फोल्डर सी ड्राइव्ह म्हणून जोडले जाऊन गेम सुरू होतो. ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबल्यास चित्र पूर्ण पडद्यावर येते. एखाद्या गेमने आवाजाची माहिती विचारली, तर साउंड ब्लास्टर निवडून पोर्ट २२०, आयआरक्यू ७ आणि डीएमए १ हे आकडे द्यावेत. डॉसबॉक्सची मूळ मांडणी तीच असते.

काही गेम मात्र सुरू होऊनही खेळण्याजोगे राहत नाहीत, कारण ते भलत्याच वेगाने पळतात. १९८१ च्या मूळ आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि त्या काळातील अनेक प्रोग्रॅमकार घड्याळाकडे न पाहता प्रोसेसरच्याच गतीवर खेळाची लय बांधत असत. (जुन्या कॅबिनेटवरील 'टर्बो' हे बटण नावाप्रमाणे वेग वाढवण्यासाठी नव्हे, तर अशा प्रोग्रॅमसाठी संगणक सावकाश चालवण्यासाठी दिलेले असे.) डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ११ दाबल्यास वेग कमी होतो, कंट्रोल आणि एफ१२ दाबल्यास वाढतो. लॅपटॉपवर त्यासोबत एफएन हे बटणही दाबावे लागण्याची शक्यता आहे.

प्रश्न : 'एज ऑफ एम्पायर्स'चा पहिला भाग माझ्या लॅपटॉपवर सुरू होतो, पण गवत आणि पाणी विचित्र जांभळट-लालसर रंगांत दिसते. ग्राफिक्स कार्ड बिघडले आहे, असे येथील दुकानदाराने सांगितले. नवीन कार्ड बसवावे का?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थी, कराड

उत्तर : कार्डावर एक रुपयाही खर्च करू नका. १९९७ चा हा गेम ३२-बिट असल्यामुळे तो ६४-बिट विंडोजवरही सुरू होतो, परंतु त्याची चित्रे २५६ रंगांच्या एका तक्त्यावर आधारलेली आहेत. हा तक्ता संपूर्ण पडद्यासाठी एकच असे आणि गेम चालू असताना तो आपल्याच ताब्यात राहील अशी गेमची समजूत असते. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप सांभाळणारा एक्सप्लोरर त्यात हस्तक्षेप करतो आणि तक्त्यातील रंग बदलतात. बिघडलेल्या कार्डामुळे डेस्कटॉप आणि व्हिडिओसुद्धा खराब दिसले असते. तसे तुमच्या पत्रात कोठेही म्हटलेले नाही.

टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर बंद करून गेम खेळावा, असा एक उपाय अनेकजण सांगतात. तो लागू पडतो, पण दर वेळी डेस्कटॉप नाहीसा करून पुन्हा आणण्याचा तो खटाटोप मला पसंत नाही. त्याआधी गेमच्या ईएक्सई फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कंपॅटिबिलिटीच्या पानावर 'रिड्यूस्ड कलर मोड' निवडून त्यात ८-बिट, म्हणजे २५६ रंग, हा पर्याय द्यावा. त्यानेही रंग सुधारले नाहीत तर सीएनसी-डीड्रॉ हा विनामूल्य प्रोग्रॅम वापरावा. त्याची डीड्रॉ नावाची डीएलएल फाइल (प्रोग्रॅम चालताना वापरतो ती सहायक फाइल) गेमच्या फोल्डरमध्ये ठेवली की गेम विंडोजच्या फाइलऐवजी तीच उचलतो, आणि जुन्या पद्धतीचे चित्रांकन आजच्या ग्राफिक्स कार्डाला समजेल अशा रूपात पुढे पाठवले जाते. ही फाइल तिच्या निर्मात्याच्या पानावरूनच घ्यावी. सुट्या डीएलएल वाटणाऱ्या संकेतस्थळांवरून ती घेणे धोक्याचे आहे.

मित्रांसोबत लॅनवर खेळायचे असेल तर कंट्रोल पॅनेलमधील विंडोज फीचर्सच्या यादीत 'लेगसी कंपोनंट्स'खाली असलेला डायरेक्टप्ले हा जुन्या गेमचे संगणक एकमेकांना जोडणारा घटक सुरू करावा लागतो. आणि या कशातच पडायचे नसेल, तर २०१८ मध्ये याच गेमची नव्याने घडवलेली 'डेफिनिटिव्ह एडिशन' निघाली आहे.

प्रश्न : जुना गेम नीट चालतो, पण जपून ठेवलेला (सेव्ह केलेला) खेळ त्याच्या फोल्डरमध्ये कधीच सापडत नाही. – एक वाचक, वाई

उत्तर : विंडोज व्हिस्टापासून प्रोग्रॅम फाइल्स या फोल्डरमध्ये लिहिण्याची मुभा सामान्य प्रोग्रॅमला नाही. जुना गेम तेथे लिहू लागला की विंडोज ती फाइल गुपचूप तुमच्या खात्यातील व्हर्च्युअलस्टोअर या फोल्डरमध्ये वळवते. तेथे पाहा. यापुढे असे गेम सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचे वेगळे फोल्डर करून त्यात बसवावेत.

प्रश्न : ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी आमच्या घरात शिरले, तेव्हा मुलाच्या गेमच्या मूळ सीडी भिजल्या होत्या. त्यांतील काही आता विंडोज १० वर घातल्यास ड्राइव्ह फिरत राहते आणि मूळ डिस्क घालण्याची सूचना येते. सीडी पाण्यामुळेच गेल्या असे समजावे का? एका परिचिताने ड्रायव्हरची (विंडोजच्या गाभ्यात चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमची) सही, म्हणजे तो खात्रीच्या निर्मात्याचा असल्याची डिजिटल खूण, तपासणे बंद करण्याचा उपाय सुचवला आहे.
– एक पालक, गावभाग, सांगली

उत्तर : येथे दोन कारणे संभवतात आणि ती वेगळी करता येतात. सीडी ड्राइव्हमध्ये घालून तिच्यातील सर्व फायली एका फोल्डरमध्ये कॉपी करून पाहाव्यात. कॉपी मध्येच अडकली तर सीडी साध्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलगोल पुसू नये. छापील बाजूखालचा चंदेरी थर सुटला असेल तर मात्र काही करता येत नाही, कारण माहिती त्या थरातच असते.

फायली विनाअडथळा कॉपी झाल्या आणि तरीही गेम मूळ डिस्क मागत असेल, तर दोष पुराचा नाही. त्या काळातील अनेक गेमवर सेफडिस्क नावाचे नक्कलविरोधी कुलूप असे. सीडीवरील काही भाग मुद्दाम सदोष लिहून, ते जसेच्या तसे आहेत का हे विंडोजमधील एका ड्रायव्हरकडून तपासले जाई. हा ड्रायव्हर सुरक्षेच्या दृष्टीने कच्चा ठरला आणि २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये त्याला स्थान मिळाले नाही. त्यामुळे रीतसर विकत घेतलेली सीडीही आज परकी ठरते. कुलूप ग्राहकाच्या गळ्यात आणि किल्ली भलत्याच्या हाती, हा व्यवहार मला तरी न्याय्य वाटत नाही.

तरीही आपल्या परिचितांचा सल्ला मानू नये. सहीची तपासणी बंद केली की त्या एका गेमसाठी संपूर्ण संगणकाचे दार उघडे राहते, आणि त्याच संगणकावर घरचे बँकेचे व्यवहारही होत असतील. आधी गेमच्या निर्मात्याने पुढे एखादा अधिकृत पॅच (दुरुस्ती करणारी फाइल) काढून डिस्कची तपासणी वगळली होती का, ते पाहावे. अन्यथा २००८ पासून सुरू असलेल्या जीओजीसारख्या ऑनलाइन गेम-दुकानात कुलूप काढलेली आवृत्ती विकत मिळते का, ते शोधावे. 'जुना गेम आता कोणाचाच नाही' या समजुतीला आपल्या कायद्यात आधार नाही. मात्र कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एए) नुसार, कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून संरक्षण म्हणून राखीव प्रत करता येते. तेव्हा ज्या सीडी अजून वाचल्या जातात आणि ज्यांवर असे कुलूप नाही, त्यांच्या आयएसओ फायली (संपूर्ण सीडीची एकाच फाइलमधील प्रत) आजच करून ठेवाव्यात. विंडोज ८ पासून पुढे अशा फाइलवर दोनदा क्लिक केले की ती सीडीप्रमाणे उघडते, आणि सीडी ड्राइव्ह नसलेल्या लॅपटॉपवरही तो गेम बसवता येतो.