मुलं दहावी-बारावीला आलीत आणि आता पुन्हा बाळ हवंसं वाटतंय. काय करू?

तुम्ही लिहिलंय: वय ४२, नवरा ४६, घर कोथरूडला, मुलगा बारावीत, मुलगी दहावीत. गेले सहा महिने कुणाचंही तान्हं दिसलं की जीव कासावीस होतो आणि नवरा म्हणतो, "हे काय भलतंच?"

ताई, यात भलतं काहीच नाही. पण "बाळ हवंय" या दोन शब्दांत तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी अडकलेल्या असतात आणि त्या सुटसुटीत केल्याशिवाय डॉक्टरकडे धावू नका, नवऱ्याशी वादही घालू नका.

आठ आठवडे एक साधी वही ठेवा. रोज लिहायची गरज नाही, ओढ लागेल तेव्हाच. तारीख, पाळीचा कितवा दिवस, काय पाहिलं, नेमकं काय हवंसं वाटलं, ते किती वेळ टिकलं. चौथ्या रकान्यात "बाळ" हा शब्द लिहायचा नाही. टाळूला तेल लावतानाचा वास हवा होता? मांडीवर कुणीतरी निर्धास्त झोपावं असं वाटलं? की मुलगा पुढच्या वर्षी हॉस्टेलला जाणार, त्याच्या खोलीचं दार बंद दिसलं आणि पोटात खड्डा पडला? कपाटातलं त्याचं जुनं झबलं हातात घेऊन रडू आलं, तर बहुतेक वेळा नवीन बाळ नको असतं, तेच बाळ परत हवं असतं. ते कुणालाच मिळत नाही, आणि त्याचं दुःख खरं असतं. त्याला दुःख म्हणूनच जागा द्या. त्यावर इलाज म्हणून बाळ आणलं तर ते बाळ भलत्याच कामाला जुंपलं जातं.

नोंदी पाळीच्या आधीच्या आठवड्यात दाटलेल्या दिसल्या, सोबत झोप उडते, एकदम गरम होतं, पाळी मागेपुढे होते असं असेल, तर रजोनिवृत्तीच्या आधीचा काळ सुरू झालेला असू शकतो. हिमोग्लोबिन आणि थायरॉइडची टीएसएच तपासणी करून घ्या. या वयात एकदाच केलेल्या एफएसएच या संप्रेरकाच्या तपासणीवर विसंबू नका, तो आकडा महिन्यागणिक वर-खाली होतो. पाळी चुकली की "आता बंद होतेय" असं गृहीत धरू नका, आधी लघवीची चाचणी करा. आणि निर्णय होईपर्यंत गर्भनिरोधक चालू ठेवा. "राहिलं तर राहिलं" म्हणत गोळी सोडणं म्हणजे नवऱ्याला न विचारता घेतलेला निर्णय असतो, आणि पुढे भांडण बाळावरून होत नाही, त्या न विचारण्यावरून होतं.

वहीतून खरोखरच नवं मूल हवंय असं दिसलं, तर मग आकडे. डाउन सिंड्रोमची शक्यता ३५ व्या वर्षी साधारण ३५० बाळांमागे एक असते, ४० ला १०० मागे एक, पुढे झपाट्याने वाढते. ४२ व्या वर्षी राहिलेल्या गर्भांपैकी तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त गळून जातात. एएमएच तपासणीने अंड्यांच्या साठ्याचा अंदाज येतो, दर्जाचा नाही. चांगला एएमएच बघून हुरळून जाणं ही या वयातली नेहमीची चूक. चाळिशीनंतर वर्षभर वाट बघायची नसते, सुरुवातीलाच स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटायचं. जाताना आधीच्या बाळंतपणांचे कागद न्या. दोन्ही सिझेरियन असतील तर वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणावर रुजण्याचा धोका वाढतो, हे तुम्ही स्वतःहून विचारा. रक्तदाब, एचबीए१सी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि टीएसएच आधी तपासा. फॉलिक ॲसिड रोज ४०० मायक्रोग्रॅम, शक्यतो तीन महिने आधीपासून. मधुमेह असेल तर डोस वेगळा, तो डॉक्टरच ठरवतील.

शिवाय एक हिशेब कागदावर मांडा. बाळ तुमच्या ४३ व्या वर्षी झालं तर त्याच्या बारावीला तुम्ही ६१, नवरा ६५. तेव्हा पगार कुणाचा? उत्तरात मोठ्या भावंडांचं नाव लिहू नका, त्यांना कुणी विचारलेलं नाही. नोकरी असेल तर दोन मुलं असताना प्रसूती रजा २६ नाही, १२ आठवड्यांची मिळते. घरात कुणी राज्य सरकारच्या नोकरीत असेल किंवा महापालिकेची निवडणूक लढवायचा विचार असेल, तर तिसऱ्या अपत्याचे नियम आधी वाचा.

दत्तक घेण्याचा विचार मनात असेल तर २०२२ च्या नियमांनुसार दोन मुलं असलेल्या जोडप्याला विशेष गरजा असलेलं किंवा ज्याला सहजासहजी घर मिळत नाही असंच मूल मिळू शकतं (नात्यातलं असेल तर गोष्ट वेगळी). नवरा-बायकोच्या वयाची बेरीजही बघतात. तुमची ८८ होते. दोन वर्षांखालच्या मुलासाठी मर्यादा ८५ आहे, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी ९०. म्हणजे तान्हं बाळ या वाटेने येणार नाही. विशेष गरजांचं मूल "निदान हे तरी" म्हणून घेऊ नये, ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. मनापासून तयारी असेल तर पुण्यात भारतीय समाज सेवा केंद्र आणि सोफोश या दोन्ही संस्था या क्षेत्रात जुन्या आहेत, तिथल्या समाजसेविकांशी बोला.

नवऱ्याशी बोलायचं तर घरात नको, जेवणानंतर तर नकोच. सकाळी वेताळ टेकडीवर चालताना बोला, समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारून चालताना माणूस जास्त ऐकतो. "आपण बाळाचा विचार करू या" असं सुरू केलंत की तो ईएमआयवर जाईल. "गेले सहा महिने मला काय होतंय ते फक्त ऐक, आज काही ठरवायचं नाही" असं म्हणा आणि वहीतली दोन पानं वाचून दाखवा. मुलांना मात्र परीक्षा संपेपर्यंत काही सांगू नका.

वहीत "मांडीवर घ्यावंसं वाटलं" हेच पुन्हापुन्हा आलं असेल, तर आठवड्यातले ठरावीक दोन तास पाळणाघरात किंवा बालसंगोपन संस्थेत द्यायची तयारी दाखवा. संस्था ओळखपत्र मागतील, बहुतेक ठिकाणी पोलीस पडताळणीही लागेल. निदान सहा महिने खाडा न करता जमणार असेल तरच हो म्हणा, कारण तिथल्या बाळांना येणाऱ्या-जाणाऱ्या मावशांची सवय लावणं बरं नाही. खोलीत जाण्याआधी मोबाईल बाहेर ठेवायचा, अंगठ्या-बांगड्या काढायच्या, हात कोपरापर्यंत धुवायचे, सर्दी असेल तर त्या दिवशी जायचंच नाही.