जावेबद्दलचा राग जात नाही. प्रभुभोजन घेऊ का?

प्रश्न: पाळकसाहेब, सलाम. दोन वर्षांपूर्वी बोअरच्या पाण्यावरून माझं आणि धाकट्या जावेचं भांडण झालं. चारचौघांत तिने माझं माहेर काढलं. आता एकाच चर्चमध्ये आम्ही दोन टोकांना बसतो. चर्चमध्ये सर्वांसमोर विश्वास कबूल करून दृढीकरण होऊन वीस वर्षं झाली, पण तिला पाहिलं की अजून जीव जळतो. प्रीतीवरचा उपदेश ऐकवत नाही. हल्ली प्रभुभोजनाच्या, म्हणजे प्रभूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याच्या रविवारी मी घरीच राहते. माझा विश्वास खोटा आहे का?
– एक भगिनी, राहुरी तालुका

उत्तर: ताई, प्रभूच्या नावाने सलाम. विश्वास खोटा असता तर तुम्हाला हे पत्र लिहावंसं वाटलंच नसतं.

आधी प्रभुभोजनाचं. करिंथच्या मंडळीत भांडणं होती, तट होते, कोर्टकचेऱ्याही होत्या. त्यांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल सांगतो की माणसाने आत्मपरीक्षा करावी आणि मग त्या भाकरीतून खावं. परीक्षा करून घरी बसा, असं तो म्हणत नाही. समेट करायची इच्छा मनात धरून येत्या पहिल्या रविवारी या.

आता रागाचं. प्रीती सहनशील आहे, असं ज्याने लिहिलं त्या पौलाचंच बघा. सुवार्तेच्या पहिल्या फेरीत पौल आणि त्याचा सोबती बर्णबा यांच्याबरोबर निघालेला तरुण मार्क पंफुल्यातून अर्ध्यावर परत गेला होता. पुढच्या वेळी बर्णबा म्हणाला, त्याला बरोबर घेऊ. पौल अडून बसला. वाद इतका पेटला की बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला गेला आणि पौलाने सीलाला घेऊन वेगळी वाट धरली. दमिष्काच्या वाटेवर प्रभूला भेटलेला माणूस, आणि तरीही एका पोराला दुसरी संधी द्यायला त्याचं मन तयार होईना! मधे बरीच वर्षं गेली. मग कलस्सैच्या मंडळीला तो लिहितो, मार्क आला तर त्याचा स्वीकार करा. आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, मरण समोर दिसत असताना, मार्कला बरोबर घेऊन ये म्हणतो, सेवेसाठी तो मला उपयोगी आहे. ही वचनं मी कितीतरी घरांत वाचून दाखवली आहेत, आणि दर वेळी मला स्वतःला धीर आला आहे.

आपल्या नगर जिल्ह्याला 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक परक्या नाहीत. त्यांचे यजमान रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 मध्ये झाला, लक्ष्मीबाईंचा 1900 मध्ये. लक्ष्मीबाईंचं सोवळंओवळं एका रात्रीत सुटलं नाही. विचार करत, स्वतःच्या मनाशी झगडत त्या पुढे आल्या. देवाने त्यांना तेवढा वेळ दिला. तुम्हालाही देईल.

मात्र वेळ मिळतो म्हणून हातावर हात ठेवून बसू नका. राग गेल्यावर प्रीती करीन म्हणाल तर तो दिवस येणार नाही. छळणाऱ्यांसाठी प्रार्थना करा असं प्रभू सांगतो, तेव्हा आधी मन साफ करून या अशी अट घालत नाही. रात्रीच्या प्रार्थनेत जावेचं नाव घ्या. "प्रभू, तिला सुबुद्धी दे" असं नको, ती प्रार्थना नव्हे, तक्रार झाली. तिच्या लेकराची परीक्षा, तिचं दुखणं, तिच्या घरची ओढाताण, जे ठाऊक असेल ते मागा. आणि उपासना सुटली की चपला घालताना तिला "सलाम, बाई" एवढं म्हणा. तिने तोंड फिरवलं तरी पुढच्या रविवारी पुन्हा म्हणा. सुरुवातीला शब्द घशात अडकतील, अडकू द्या.

पाण्याचा हक्क मात्र सोडायची गरज नाही. क्षमा वेगळी आणि हिशेब वेगळा. मंडळीतले दोन वडील आणि दोघींचे यजमान यांना बसवा, मोटार कोणत्या वारी कोणाची हे कागदावर लिहून घ्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. उन्हाळ्याआधी हे उरका. पाणी आटलं की बोलणी अवघड होतात.